अठ्ठेचाळीस दगड

“आपण हितली पाहुणीच की,” असं मायाक्का येता-जाता म्हणायची. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या त्या जुन्या दगडी हॉटेलात ती एकोणीस वर्षं झाडलोट करत होती, जिन्याखाली झोपत होती. मूळची मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. जेवण हॉटेलच्या भटारखान्यातलं. स्वतःची चूल अशी तिला नव्हतीच.

१९३३ साली मालक सिद्रामप्पानं हॉटेल बंद केलं. सोळा खोल्यांत विणकरांची सोळा बिऱ्हाडं ठेवायचं ठरलं. जिथं व्यापारी नि नाटकवाले रात्रीपुरते उतरायचे, तिथं आता लेकरं जन्माला येणार होती.

“चुली घाल,” सिद्रामप्पा मायाक्काला म्हणाला. “बिऱ्हाडं राहिली तर जिन्याखालची जागा तुझी. न्हाईतर गाठोडं बांध.”

मायाक्कानं आठ दिवस माती तुडवली. खोल्यांच्या खिडक्या उत्तरेला, वारा तिकडूनच. माळावर वाऱ्याला पाठ देऊन रांधायचं, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. तशाच सोळा चुली तिनं घातल्या. गुळगुळीत, देखण्या.

पाडव्याला बिऱ्हाडं आली. पहिल्या खोलीत गंगम्मा चुलीपुढं बसली आणि चटका बसल्यागत उठली.

“अय्यो! दक्षिणेला तोंड करून रांधू? यमाला जेवाय बोलावलंय का गं?”

मागच्या बायका जिन्यातच थांबल्या. डोक्यावरची भांडी खाली उतरली.

“झालं? उचल आता गाठोडं,” सिद्रामप्पा म्हणाला.

“गाठोडं कुटं पळून चाललंय, मालक? आदी दगड आनू द्या.”

मागं घोड्यांचा तबेला पडला होता. त्याचे दगड तिनं डोक्यावरून वाहिले. दर खोलीत तीन, मेंढरांच्या तळावर मांडतात तसे.

“ह्या घ्या चुली. पायजे तिकडं फिरवा!”

गंगम्मानं दगड फिरवले, पूर्वेला तोंड करून जाळ घातला, दूध उतू जाऊ दिलं.

पुढचं मी, तेव्हा त्याच पेठेतलं शाळकरी पोर, रस्त्यावरून पाहिलं. एका खिडकीतून धूर निघाला. मग दुसरीतून. मग सोळाही खिडक्यांतून, संथ, निळा, वर वर. टांगेवाल्यांनी लगाम ओढले. भिंतींच्या ज्या दगडांनी इतकी वर्षं नुसते येणारे-जाणारे पाहिले, ते जणू श्वास घेत होते. मायाक्काबरोबर खाली रस्त्यावर आलेल्या सिद्रामप्पानं नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

“मायाक्का,” तो हळूच म्हणाला, “जागा तुझी.”

“व्हय? मग आनखी तीन दगड लागतील की.”

पदर खोचून ती तबेल्याकडं चालू लागली. पिठाचे हात तसेच धरून गंगम्मा खिडकीतून तिच्याकडं बघत राहिली.