हसनभाईचं कोर्ट आणि एकोणीस चमचे

माणूस गेला की दाराबाहेर चपला साठतात आणि आत किस्से. माझा मोठा भाऊ हसनभाई जाऊन अजून चाळीस दिवस झाले नाहीत. इथे आखातात, नईम भागातल्या आमच्या खोलीवर रोज कोणी ना कोणी येतो, काळा चहा पितो, रडतो आणि जाता जाता एक किस्सा सांगून हसवतो. मला लिहायची सवय नाही, सातवीत शाळा सोडली. पण इतके किस्से जमलेत की विसरायची धास्ती वाटते. म्हणून लिहितोय.

आमची बिल्डिंग म्हणजे सहा खोल्या, एक किचन आणि एकोणीस माणसं, सगळी रत्नागिरी-रायगडची. भांडण पोलिसांत गेलं तर व्हिसा कॅन्सल व्हायची भीती. म्हणून आम्ही आमचं स्वतःचं फौजदारी कोर्ट काढलं! दर शुक्रवारी नमाज झाल्यावर, जेवणाआधी, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. हसनभाई तिथला जज्ज.

* * *

जज्जची निवडणूक झाली होती, आणि तीही गुप्त मतदानाने! उभे दोघं. एसी मेकॅनिक हसनभाई आणि ऑफिसात क्लार्क असलेला माजिदभाई. किचनमध्ये दोन पातेली ठेवली. एकेकाने आत जायचं आणि आपला चमचा हव्या त्या पातेल्यात टाकायचा.

मोजणी झाली. हसनभाई सतरा, माजिदभाई दोन.

पण चमचे अदलाबदल होतात म्हणून प्रत्येकाने आपल्या चमच्यावर खूण केलेली होती. हे मतदान ठरवताना एकाच्याही लक्षात आलं नाही! माजिदभाईच्या पातेल्यातला एक चमचा हिरव्या रंगाचा, म्हणजे त्याचा स्वतःचा. दुसऱ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. तो माझा.

"रफ्या, सख्ख्या भावाला मत नाय?"

"तू जज्ज झालास तर माझी बाजू कोण घेणार?"

हसनभाई खो खो हसला. मी मात्र खरंच सांगितलं होतं.

* * *

हसनभाईचं कायद्याचं शिक्षण आठ दिवसांचं. खऱ्या कोर्टाचा एसी दुरुस्त करायला कंपनीने त्याला पाठवलं होतं. शिडीवर बसून त्याने खटले बघितले. अरबी येत होती ती 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं, एवढीच.

"मग शिकलास काय?" माजिदभाईने विचारलं.

"जज्ज बोलत नाय. चष्मा काढतो आणि बघत राहतो. समोरचाच बोलायला लागतो."

डोळे ठणठणीत असताना त्याने बाजारातून साध्या काचेचा चष्मा आणला! कोर्ट संपलं की तो खिळ्याला अडकवायचा.

* * *

पहिला खटला इक्बालच्या सुक्या बोंबलांचा. गावाहून आलेली पुडी गायब. चार नंबर खोलीतले तिघे उभे केले. हसनभाईने चष्मा काढला आणि बघत राहिला. पाच मिनिटं गेली. मधल्या याकूबला घाम फुटला.

"मी एकट्याने नाय खाल्ले!"

शिक्षा ठरली, आणि पुढे तीच कायम झाली. फिर्यादी आणि आरोपीने एका ताटात जेवायचं. ताटात मटणाची नळी एकच. एकाने ती दुसऱ्याकडे सरकवली आणि दुसऱ्याने घेतली की शिक्षा संपली. इक्बाल आणि याकूबची नळी सहा दिवस ताटाच्या मधोमध पडून होती! नळीसाठी रोज मटण शिजवावं लागायचं, म्हणून ते सहा दिवस अख्ख्या बिल्डिंगला मटण मिळालं. समेटाची घाई एकालाही नव्हती.

* * *

इक्बाल कुलकर्णीसाहेबांची गाडी चालवायचा. साहेब पुण्याचे इंजिनियर, राहायला माहूजच्या साहेबलोकांच्या वस्तीत. इक्बालने गाडी ठोकली आणि "उभ्या गाडीला कोणीतरी घासून गेलं" म्हणून सांगितलं. साहेब थेट आमच्या गच्चीवर आले.

निकाल लागला, एक ताट.

"अहो, पण मी शाकाहारी आहे."

"मग वरण-भात, साहेब. नळीच्या जागी पापड."

साहेब खरंच यायचे, पेपर अंथरून बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गाडीतून उतरून वर आला आणि रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, आर यू अरेस्टेड?"

साहेबांनी ताबडतोब पापड इक्बालकडे सरकवला.

* * *

लोकांना वाटायचं हसनभाई मजेत आहे. खटल्याच्या सकाळी त्याचे हात बर्फासारखे गार पडायचे. एकदा मी हसलो तर म्हणाला, "माझा निकाल एखाद्याला पटला नाय आणि तो पोलिसांत गेला, तर एकोणीस घरांच्या चुली बंद. हसतोस काय?"

आता ते गार हात माझे झालेत.

* * *

कारण शेवटचा खटला माझा.

आमची आई कॅसेटवर बोलून पाठवायची. याकूबने चुकून तिच्या एका कॅसेटवर गाणी भरली. मी बटण दाबलं, आईने "हसन, रफीक, जेवलात ना?" विचारलं आणि पुढे ढोलकी! मी विचार केलाच नाही. हाताला कुकरचं झाकण लागलं ते याकूबच्या कपाळावर घातलं. चार टाके पडले. डॉक्टरला तो म्हणाला, जिन्यावरून पडलो.

माजिदभाई म्हणाला, "रक्त निघालंय. उद्या बाहेरून कळलं तर सगळेच जाऊ. आपणच याला पोलिसांत देऊ."

हसनभाई म्हणाला, "शुक्रवारी बघू."

सोमवारी कामावर निघताना दारात थांबला. "शुक्रवारी निकालाला मतं घेतली तर चमचा आणू नकोस. आरोपीला मत नसतं."

त्या दुपारी सनाबिसच्या एका गच्चीवर, एसी उघडता उघडता, त्याचं हृदय बंद पडलं.

* * *

शुक्रवार आला. नवा जज्ज निवडायचा आणि त्याने माझा निकाल द्यायचा. उभा एकटा माजिदभाई. गच्चीवर सगळ्यांसमोर पातेलंही एकच. मी टाकीला टेकून उभा. खिशात चमचा होता, हात लावला नाही.

तेवढ्यात याकूब, कपाळाला पट्टी, किचनमधून दुसरं पातेलं घेऊन आला.

"हे कोणाचं?"

"हसनभाईचं."

"अरे, मेलेला माणूस निवडणुकीला उभा राहतो काय?" माजिदभाई ओरडला.

"ह्या बिल्डिंगमध्ये तसा नियम कुठे हाय?"

नियम नव्हताच. सतरा माणसं एकेक करून पुढे आली. चमचा खण्णकन पडायचा आणि मी मोजायचो. सोळा चमचे पडले. आठ इकडे, आठ तिकडे! उरला हिरवा.

माजिदभाईने तो शर्टाला पुसला. मग हसनभाईच्या पातेल्यात टाकला आणि म्हणाला, "खलास. जेवायला वाढा."

याकूबने खिळ्यावरचा चष्मा आणून चटईच्या टोकाला ठेवला. माझ्यासमोर मोठं ताट मांडलं आणि पलीकडे बसला. मध्ये नळी.

मी ती लगेच त्याच्याकडे सरकवली.

त्याने चष्म्याकडे बघितलं आणि नळी परत मधोमध ठेवली.

"एवढ्यात नाय रे, रफ्या. हसनभाई ओरडेल."