सलीमभाईंचा नवा प्लेअर आणि माझी शेवटची चढाई

गेल्या गुरुवारी नांदेडात आमच्या सलीमभाईंच्या टीव्हीच्या दुकानात एक भारीच प्रकार घडला. अजून बाजारातही न आलेला एक डिस्क प्लेअर त्यांच्याकडे दोन दिवसांसाठी बघायला आला होता... आणि असलं काही कळलं की माझा पाय घरात ठरत नाही.

सगळं मोबाइलवर दिसत असताना आता डिस्क कोण लावतं, हा प्रश्न मलाही पडला. पण सलीमभाई फोनवर म्हणाले, "ताई, चरे पडलेली डिस्कबी वाचतो म्हणे हा. लोकं घरातलं जुनं काय काय घेऊन येऊन राहिलेत. तुमच्याकडं हाय का एखादी?"

होती ना!

शाळेत असताना मी लोह्याच्या मुलींच्या कबड्डी संघात होते. चाकूरच्या संघाशी फायनल, शेवटची चढाई माझी, आणि जिंकायला एकच गुण हवा. मी एकीला टिपलं, परतही आले... आणि पंचांनी मला बाद दिलं. म्हणे पाय बाजूच्या रेषेबाहेर गेला!

पंच कमी पडले म्हणून त्या रेषेवर आमचेच पीटीचे बिराजदार सर उभे होते. सर मूळचे चाकूरचे. सर गावाकडे झुकले, असं पोरी म्हणाल्या आणि मला ते लगेच पटलं. त्यानंतर मी सरांशी बोलणंच टाकलं. लग्नाची पत्रिकासुद्धा दिली नाही... हो, आहे मी तशी.

मॅचची डिस्क माझ्याकडे होती, पण ती नेमकी त्या चढाईलाच अडकायची. पडद्यावर नुसते चौकोन चौकोन. कुठल्याच प्लेअरवर ती पुढे सरकली नाही, त्यामुळे मीच खरी असं म्हणायला मी मोकळी होते.

सलीमभाईंनी डिस्क आत सरकवली. माझ्या वेणीतली लाल रिबीनसुद्धा स्पष्ट दिसत होती! चढाई सुरू झाली, चौकोन आले, सगळं थांबलं... आणि सुटलं की हो पुढे!

आणि नेमका तेव्हाच कॅमेरावाल्याने कॅमेरा वळवला. प्रमुख पाहुणे आले होते! फेटा, शाल, नारळ, बँड... मी कपाळावर हात मारला. मैदान मागे एका कोपऱ्यात, आणि रेषा तर पाहुण्यांच्या आड गेलेली.

सलीमभाईंना म्हटलं, थांबवा जरा. मग पडद्याजवळ जाऊन मागचा एकेक चेहरा बघत बसले. सगळे प्रेक्षक पाहुण्यांकडे बघत होते. चाकूरच्या पोरी, गुण लिहिणारे गुरुजी, सगळेच. आणि मी? रेषेच्या कडेने पळताना माझीही मान पाहुण्यांकडेच वळलेली!

एकच माणूस गुडघ्यांवर हात टेकून, वाकून खाली माझ्या पायांकडे बघत होता... बिराजदार सर.

मला फार लाज वाटली. मी स्वतः रेषा बघितलीच नव्हती, मग इतकी वर्षं कशाच्या जोरावर भांडत होते? सलीमभाईंनी काही न विचारता चहा मागवला.

तिथेच बसून मैत्रिणीकडून सरांचा नंबर घेतला. सर आता चाकूरलाच राहतात. नाव सांगितलं आणि एका दमात बोलून टाकलं, "सर, त्या फायनलला मी बादच होते."

सर म्हणाले,

"हाव बेटा. डावा पाय व्हता. चार बोटं भाईर. द्यायला लई जड गेलं मला."

येत्या रविवारी मी चाकूरला चाललेय. प्लेअर बाजारात कधी येईल ते येवो, घेईन की नाही तेही माहीत नाही... पण त्या दिवशी सगळं मैदान पाहुण्यांकडे बघत असताना माझ्याकडे एकच माणूस बघत होता, आणि मी वीस वर्षं त्याच्यावरच रागावून बसले होते.