जुनं आधी

आमचा दादा बस डेपोच्या भांडारात तेवीस वर्षं आहे. मेकॅनिक लोक त्याला पाठीमागे ‘चिठ्ठी’ म्हणतात, कारण मागणीची चिठ्ठी दिल्याशिवाय तो साधा स्क्रूसुद्धा जागचा हलू देत नाही. एकदा डेपोचे मोठे साहेब स्वतः बल्ब मागायला आले, तर यानं त्यांनाही खिडकीबाहेर उभं केलं आणि सही नीट वाचता येत नाही म्हणून पुन्हा करायला लावली. त्याच्या भांडारात एकच कायदा चालतो, जुनं आधी. नवा माल मागे लावायचा, जुना पुढे ओढायचा, आणि पुढचा संपेपर्यंत मागच्याला हात लावायचा नाही. रबरी पट्ट्यांच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे. पण हा माणूस संध्याकाळी डेपोतून एकटा घरी येत नसे, कायदाही सोबत आणत असे.

त्याची मुलगी सात वर्षांची. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण घरात साखरेचा डबा कुठेही लपवा, ती बरोबर तिथे पोचते. बाकी खाण्याच्या नावानं शंख. फळ म्हटलं की ओठ घट्ट, भाजी म्हटलं की पोटात दुखतं. शाळेच्या तपासणीत तिचं वजन वर्षभरात पाव किलोही वाढलेलं निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “महिन्यानं पुन्हा वजन करू. नाही वाढलं तर रक्त तपासायचं, मग कदाचित इंजेक्शनं. घरात फळं-भाज्यांची सवय लावा. जबरदस्ती नको.”

शेवटचे दोन शब्द दादाला ऐकू आले नसावेत. त्यानं दुसऱ्याच दिवशी मोहीम उघडली. भिंतीवर तक्ता लागला. ‘खाल्ले’, ‘नाही’ आणि ‘अंशतः’ असे तीन रकाने. दर रविवारी तो फळं, गाजरं, काकड्या आणी आणि प्रत्येक नगावर मार्करनं तारीख टाकी. केळ्यावर तारीख मी त्याच्याच घरी पाहिली. ताजा माल कपाटात मागे जाई, गेल्या आठवड्याचा पुढे येई. शिवाय घरात किमान साठा हवाच, त्यामुळे जुना कधी संपतच नसे. त्या घरात काकडीला म्हातारपण आल्याशिवाय कपाटाबाहेर पडता येत नव्हतं.

वहिनीनं एकदा विचारलं होतं, “अहो, एखाद दिवस ताजं खाल्लं तर?”

“मग जुनं कोण खाईल?”

वहिनीनं हात टेकले. ती दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर इतरांची मनधरणी करून थकून येते.

हा सगळा माल मुंगीच्या ताटात पडे. काळं पडलेलं केळं, वाकवलं तरी न मोडणारं गाजर, आतून पाणी झालेली काकडी. दादा समोर बसून जीवनसत्त्वांवर भाषण देई. स्वतः मात्र चहा आणि बिस्किटं. “बाबा, तू का नाही खात?” असं तिनं विचारलं की म्हणे, “मला आता वाढायचं नाहीये.” तिनं तोंडात घास कोंबला की तक्त्यावर ‘अंशतः’. तीन आठवड्यांत तो एकच रकाना भरला होता आणि पोरीचे गाल आणखी आत गेले होते. मला त्या तक्त्याचा राग येई. दादाचा येत नसे, कारण ती झोपल्यावर तिची मनगटं बोटांनी मापताना मी त्याला पाहिलं होतं.

एका सुट्टीच्या दुपारी मी बाजारातून थेट त्यांच्याकडे गेले. पोटात कावळे कोकलत होते. पिशवीतली एक काकडी काढली, नळाखाली धरली आणि ओट्याला टेकून खायला लागले. मुंगी शेजारी चित्र रंगवत होती. मी तिला ‘खा’ म्हटलं नाही. खरं सांगायचं तर भुकेपुढे ती माझ्या लक्षातच आली नाही.

“आत्या, काय खातेस?”

“काकडी.”

“खोटं. काकडी अशी नसते.”

मी उरलेली अर्धी तिच्यापुढे धरली. तिनं वास घेतला, भीत भीत दात लावले आणि कट्‌कन आवाज झाला. ती दचकली, काकडी टेबलावर ठेवून हात मागे घेतले आणि म्हणाली, “मी काही मोडलं नाही हं, ते आपोआप वाजलं!”

मला हसू आलं आणि लगेच मावळलं. सात वर्षांच्या पोरीनं काकडीचा आवाज ऐकला नव्हता. तिनं पुन्हा उचलली, पुन्हा वाजवली, आणि बघता बघता अर्धी संपवून पिशवीत डोकावायला लागली.

दादा दारातच उभा होता, हातात मार्कर. माझ्या पिशवीवर तारीख टाकायला आला होता. पण तो कपाटाकडे गेला, पुढच्या रांगेतली काकडी काढली आणि कधी नव्हे ती स्वतः खाल्ली. दोनदा चावलं, डोळे मिटले, झटकन नळापाशी गेला आणि थुंकला. चूळ भरली. मग पाठमोराच उभा राहिला.

“बाबा,” मुंगी म्हणाली, “मीपण तिथेच थुंकते. तू तक्ता भरायला गेलास की.”

“रोज?”

“रोज. तू रागावशील म्हणून आधी नळ सोडते.”

दादा तिच्यासमोर खाली बसला. माझा भाऊ चूक कबूल करताना मी जन्मात पाहिला नव्हता, ना घरी, ना डेपोत. “माझं चुकलं गं,” तो म्हणाला, “फार चुकलं.” तिनं पिशवीतली दुसरी काकडी काढून त्याच्या हातात दिली आणि तो खातो की नाही, हे बघत समोर बसून राहिली.