दोष मराठीचा नव्हता

मुलगी साडेचार वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला जबलपूरच्या महाराजपुरात, घराजवळच्या शाळेत घातलं. प्रवेशाच्या फॉर्मसोबत लसीकरणाचं कार्ड मागितलं होतं. एकही लस चुकलेली नव्हती, त्यामुळे ते मी मोठ्या ऐटीत दिलं. फॉर्मवर खाली डोळे, कान आणि दात असे तीन रकाने होते. तिन्हींसमोर मी 'ठीक' लिहून टाकलं. तपासलं काहीच नव्हतं. पोरगी ठणठणीत दिसत होती, अधूनमधून सर्दी व्हायची तेवढीच.

दीड महिन्यानं वर्गाच्या मॅडमनी बोलावलं. मुलगी सांगितलेलं करत नाही, आधी दुसऱ्या मुलांकडे पाहते आणि मग त्यांच्यासारखं करते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "आपके घर में मराठी चलती है न? इसे हिंदी समझ में नहीं आती. घर में हिंदी बोलिए."

मला शरम वाटली. माझा जन्म इथलाच, नोकरी संरक्षण कारखान्यात, हिंदी चारचौघांसारखी. तरी लहानपणी शाळेत माझ्याही उच्चारांना पोरं हसायची. मुलीच्या वाट्याला ते नको म्हणून त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की आता तिच्याशी फक्त हिंदीत बोलायचं. बायकोला ते पटलं नाही, पण ती तयार झाली.

अडचण माझ्या आईची झाली. ती मूळची भंडाऱ्याकडची, लग्न करून जबलपूरला आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. भाजीवाल्याशी ती फडाफडा हिंदी बोलते, पण नातीला हिंदीत काय बोलावं ते तिला सुचेना. माझा शब्द तिनं मोडला नाही. फक्त ती गप्प राहू लागली. ताट वाढायची, वेणी घालायची, सगळं मुकाट्यानं. मला ते दिसत होतं आणि मी दुर्लक्ष करत होतो.

दोन आठवडे गेले, फरक काही पडला नाही. मग एका रविवारी दुपारी आईनं लसूण सोलता सोलता मला जवळ बोलावलं.

"तू भाषेच्या मागं काहून लागला रे?" ती म्हणाली. "मराठीत तरी ती कुठं ऐकून राहिली? मी मागून हाक मारली तर वळत नाही. तोंड दिसलं तरच उत्तर देते."

मुलगी पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि हळू आवाजात मराठीत विचारलं, आइस्क्रीम खायला जायचं का? तिचा हात रंगवतच राहिला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही तिला चेरीतालच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत ऐकायचं मशीन, वेगळी शाळा, अन् काय काय माझ्या मनात येऊन गेलं.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. त्यांनी बॅटरीसारख्या यंत्रानं दोन्ही कान पाहिले. मग मुलीला हेडफोन लावून, आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाक, असं समजावलं. ठोकळा तिच्या हातातच राहायचा. आवाज खूप वाढवला की मगच डब्यात पडायचा. शेवटी कानात छोटं रबरी बूच घालून आणखी एक तपासणी झाली. कानाचा पडदा किती हलतो ते दाखवणारी रेघ कागदावर सपाट आली.

कानाची नस चांगली आहे, हे बाईंनी सगळ्यात आधी सांगितलं. रेंगाळलेल्या सर्दीमुळे पडद्यामागं पाणी साचलं होतं. या वयात हे बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेकदा आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनी परत पाहू, राहिलंच तर लहानसं ऑपरेशन करू, तोवर वर्गात पुढच्या बाकावर बसवा, असं त्या म्हणाल्या. कमी ऐकू येतं हे मुलांना स्वतःला कळत नाही, जग तेवढंच आहे असं त्यांना वाटतं, म्हणून शाळेत घालण्याआधी कान आणि डोळे एकदा तपासून घ्यावेत, हेही त्यांनी सांगितलं. माझी मान खाली गेली.

घरच्या मराठीनं काही बिघडलं का, हे मी भीतभीत विचारलं. त्या हसल्या.

"भाषा का कान के पानी से क्या लेना-देना? घर में जो बोलते हैं वही बोलिए. बस, सामने बैठकर बोलिए."

बायको तिथंच रडायला लागली. मला मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं नातीला समोर बसवलं, हनुवटी धरली आणि दोन आठवड्यांचं साचलेलं बोलून घेतलं. शेजारची मांजर कुठं व्याली इथपासून सुरुवात झाली. मॅडमनीही दुसऱ्याच दिवशी बाक बदलला. आपल्याला हे सुचलंच नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

तीन महिन्यांनी कागदावरची रेघ टेकडीसारखी वर आली. डॉक्टरबाईंनी ती बोटानं दाखवली आणि ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या. तिथून आम्ही नर्मदेवरच्या ग्वारीघाटावर गेलो. मुलगी नावाड्याला हिंदीत प्रश्न विचारायची आणि त्याची उत्तरं आम्हाला मराठीत सांगायची. दोन्हीकडं चुका करत होती. नर्मदेत मगर आहे का, हे तिनं तीनदा विचारलं. नावाडी कंटाळला, तरी उत्तर देत राहिला.