थकलेलं पाणी

लोणखेड्याच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. मुलांना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याचं छोटं जलविद्युत केंद्र पाहायला गेलो, तेव्हा तिथला ऑपरेटर भेटला. बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून तो सलग दुसरी पाळी करत होता. बोलताना यंत्राच्या अंगावर तळहात ठेवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“वरथीन पाणी पाइपमा येस, पातं फिरावस, त्यानासंगे जनित्र फिरस, वीज तयार! पाणी जसं येस तसंच बाहेर जास. थेंबबी कमी व्हत नही.”

मला तासभर घेऊन जमत नाही, ते त्याने मिनिटात सांगितलं.

निघताना मी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली बाटली धरली. त्याने घाईने हात आडवा घातला.

“सर, वरनं भरा. हाई पाणी कामवरथीन येल शे. थकेल ऱ्हास.”

मुलं हसली. ऊर्जेचा नियम सांगून मी त्याची चूक दाखवणार होतो, पण नियम त्याच्याच बाजूने निघाला. उंचीवरची ऊर्जा पाणी खरंच देऊन आलं होतं. मी पायऱ्या चढून वर बाटली भरली.

तिथून खाली पाहिलं, तर पाणी सुटी झाल्यासारखं निघालं होतं. तो मात्र पुन्हा आत चालला होता.