रुई कमी पडू देऊ नका

जळगावात आमची भाड्याची खोली एका गादीवाल्यांच्या दुकानामागे होती. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मध्ये गाद्या शिवायची जागा, आणि सगळीकडे उडणारी पांढरी तुसं. मालकीणबाईंना अख्खी गल्ली चाची म्हणायची, मग मीही म्हणू लागले. माझं माहेर पिंपळनेरच्या पलीकडे, सासरही तिकडेच. आमचे हे पाइपच्या कंपनीत लागले म्हणून आम्ही इकडे आलो. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण घर असं कधी सुटलं नव्हतं. सुरुवातीला चाचींनी ताटलीने झाकून पाठवलेली भाजी खाऊनच मी इथे तग धरला, असं म्हटलं तरी चालेल.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर रुईचं झुडूप होतं. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी लोक त्याची पानं तोडून न्यायचे. नवरात्राच्या आधी मीही गेले, तर पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या! माहेरी आम्ही त्या लगेच ओळखायचो. पाऊस सरला की यांचीच केशरी फुलपाखरं शेतांवरून झुंडीने जायची. कुठून आली, कुठे चालली, कुणालाच ठाऊक नसायचं. आई म्हणायची, "पाव्हना शेतस त्या. दोन दिन ऱ्हातीन, जातीन." म्हणजे पाहुणी आहेत ती, दोन दिवस राहतील नि जातील.

इथे लोक पान तोडताना अळी झटकत होते आणि ती पायाखाली जात होती. मला बघवेना. हाताला लागतील तेवढ्या अळ्या पानांसकट ओढणीत घेतल्या, चिवड्याच्या मोठ्या बरणीत सोडल्या आणि तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला.

"लोक कोंबड्या पाळतात," हे म्हणाले, "अंडी तरी मिळतात."

मला तेव्हा दिवस गेले होते. आधीचं एक राहिलं नव्हतं, त्यामुळे जरा पोटात दुखलं तरी माझे हातपाय गार पडायचे. अशातच मी मनाशी गाठ मारून बसले, की या अळ्या जगल्या तर आपलंही नीट होईल. यांना सांगितलं, तर म्हणाले, "अळीचा नि आपला काय संबंध? उगाच जिवाला घोर." संबंध नाही, हे मलाही कळत होतं. पण मारलेली गाठ सुटत नव्हती. रोज सकाळी उठले की आधी बरणी बघायची, मग चहा.

धुळ्याला माझी नणंद राहते. तिच्याकडे चार दिवस राहून तिच्याच ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफी करायचं ठरलं. जायच्या दिवशी मी बरणीत पानं भरली आणि ती चाचींच्या हाती दिली.

"चाची, एवढी रुई कमी पडू देऊ नका. रोज ताजी टाका."

"माझ्या घरात रुईची कमी? बेफिकीर जा, बेटी."

धुळ्याला डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. इवलंसं काहीतरी लुकलुकत होतं. "ठोके छान आहेत, काळजीचं काही नाही," त्या म्हणाल्या. नणंद तिथेच रडायला लागली. मी हसले, पण मला पुरतं सुटल्यासारखं वाटेना. माझी गाठ तर त्या बरणीशी होती. परतीच्या बसमध्ये पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुकानात शिरले आणि बरणी दिसली. गळ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र कापसाने भरलेली. त्यात पान म्हणून नाही. मी तिथेच गाद्यांच्या थप्पीवर बसले.

"चाची, हे काय?"

"काय म्हणजे? रुई! रोज ताजी, पिंजलेली. अशी तर मी गिऱ्हाइकालाही देत नाही."

"अहो, रुई म्हणजे पानं! मागच्या झुडपाची!"

चाचींनी मागच्या प्लॉटकडे बोट केलं. "तो तर आकडा! आकडा बोलायचं ना. आमच्या घरात रुई म्हणजे कापूस. मला वाटलं, थंडी वाजत असेल त्यांना."

"या उन्हात?"

"मीपण तेच म्हटलं. पण तू सांगून गेलेली ना!"

मला हसू येण्याऐवजी रडू आलं. तेवढ्यात चाचींनी माझी हनुवटी धरून मान वर केली. "रडते कशाला? जाळीला बघ आधी."

मच्छरदाणीला आतून हिरवट कोष लटकत होते, आणि त्यांच्यावर सोनेरी ठिपके, सराफाने बसवल्यासारखे.

"पानं होती तोवर खाल्ली," चाची म्हणाल्या, "मग रुई टाकली तर सगळे वर चढले नि उलटे टांगले. मला वाटलं, नाराज झाले."

ते नाराज नव्हते, त्यांची पोटं भरली होती. जाताना टाकलेली पानं त्यांना पुरली होती. मी बोट लावून एकेक कोष मोजला. एकही कमी नव्हता. मग मात्र मी इतकी हसले, की मशीनवरचा माणूस मशीन बंद करून बघायला आला.

आम्ही ती जाळी दुकानाच्या खिडकीत टांगली. नवरात्र संपता संपता कोष काळपट झाले आणि आतून केशरी पंख दिसू लागले. एका सकाळी पहिलं फुलपाखरू बाहेर आलं, पाय निसटून खाली पडलं, ते नेमकं पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर. ओल्या पंखाला तंतू चिकटले. मी घाईने तंतू ओढायला गेले. चाचींनी मला बाजूला केलं, श्वास रोखून एकेक तंतू सोडवला आणि त्याला खिडकीच्या गजावर चढू दिलं.

दुपारपर्यंत त्याचे पंख वाळले. ते आमच्या गावाच्या दिशेने उडालं असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते डाळमिलच्या पत्र्यांवरून बरोबर उलट्या दिशेला गेलं. जाऊ दे. गेलं हे महत्त्वाचं. मला खूप दिवसांनी भूक लागली होती.

चाची गादी शिवायला बसल्या. सुईत दोरा ओवताना त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं.

"आता याच्या गादीचं आत्ताच नीट सांगून ठेव, बेटी. रुई भरायची का आकडा?"