फुगलेलं झाकण

नातवंडांनो, काल तुम्ही व्हिडिओ कॉलवर बरण्यांत भरलेल्या शेंगा कौतुकाने दाखवल्यात. त्यातल्या एका बरणीचं झाकण फुगलेलं दिसलं, म्हणून घाईने लिहिते आहे. ती बरणी उघडू नका.

बेला गावातल्या आमच्या घरी माझ्या धाकट्या जावेने, शांताने, अशाच शेंगा उकळून बरणीत बंद केल्या होत्या. उन्हाळ्यात तिने बरणी उघडली, तेव्हा फुगलेलं झाकण फुसकन सुटलं. वास मात्र काहीच आला नाही.

"फेकून दे वं," सासूबाई म्हणाल्या.

"काऊन फेकू? आंबील फुगली तं तुमी वाटी भरून पेता!" असं म्हणून हसत शांताने एक शेंग खाल्ली.

दुसऱ्या दुपारी भाकरी थापताना ती थांबली. "बाई, तुमी मले दोन-दोन काऊन दिसून राह्यल्या?"

शांताला थट्टेची सवय होती, म्हणून आम्ही खूप हसलो. संध्याकाळी तिच्या पापण्या मिटू लागल्या आणि तिला पाण्याचा घोटही गिळवेना. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास मंदावला होता. ती परत आली नाही. बंद बरणीतल्या शेंगांत विष तयार झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिची वर्षाची मुलगी मी वाढवली. तीच तुमची सुमाआत्या.